काळीवर बांधलेली घरे

आपल्या भाषेत गावाच्या जमिनीला दोन नावे आहेत. जी पिकते ती काळी आणि जिच्यावर घरे उभी राहतात ती पांढरी. जुन्या वतनाच्या कागदांत ‘समस्त पांढरी’ म्हटले की सारे गावकरी त्यात आले. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली निघाले, तेव्हाही हे दोन्ही शब्द खेडोपाडी रोजच्या बोलण्यात होते. आज इंदुरातल्या आपल्या मुलांना पांढरी म्हणजे काय असे विचारले तर बहुतेक जण पंढरपूरचे नाव घेतील. त्यात त्यांचा दोष नाही. आपण पाच-सहा पिढ्यांपूर्वी गाव सोडून मालव्यात आलो. वतने गेली आणि त्यांच्याबरोबर हे शब्दही गेले. परंतु या दोन शब्दांत घर कुठे बांधावे आणि कुठे बांधू नये याचे जे ज्ञान होते, तेही आपण सोडून दिले. त्याची किंमत आज भिंतीच्या तड्यांच्या रूपाने मोजतो आहोत.

मी राज्य शासनाच्या बांधकाम खात्यात उपयंत्री आहे. शिक्षण स्थापत्य पदविकेपर्यंतचे. इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेण्याचा अधिकार मला नाही. पण नोकरीत पायाचे खड्डे बरेच पाहिले आणि खड्ड्याच्या कडेला उभे राहिले की मातीचा इतिहास आपोआप दिसू लागतो.

पांढरी पांढरी का असते? शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, चुना आणि पडलेल्या मातीच्या भिंती यांचा थर एकावर एक साचत जातो. त्यामुळे जुन्या गावठाणाची माती फिकट, भुरकट होते. पुरातत्त्ववाले जुन्या वस्तीचा शोध घेताना अशाच पांढरीच्या टेकाडावर नजर ठेवतात. आपल्या महेश्वरच्या समोर, नर्मदेच्या दक्षिण काठावरील नावडातोडी येथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरे सापडली. लाकडी मेढी, कुडाच्या भिंती आणि त्यावर मातीचा गिलावा अशी त्यांची बांधणी होती. याच ‘माळवा संस्कृती’ची माणसे पुढे पुणे जिल्ह्यातील इनामगावापर्यंत पोचली. म्हणजे मालव्यातून महाराष्ट्रात जाण्याची वाट आपल्या येण्याच्या वाटेपेक्षा कितीतरी जुनी आहे! तो वेगळा विषय. मुद्दा असा की कुडाचे घर जमिनीबरोबर थोडे हलले तरी बिघडत नाही. गिलावा तडकला तर बाई शेणमातीचा हात फिरवते आणि काम संपते.

पांढरीची माती काळीसारखी फुगत नाही. म्हणून भिंती तिच्या, गिलावा तिचा आणि धाब्याच्या घराच्या छपरावर टाकायची मातीसुद्धा तीच. काळी माती छपरावर घालण्याचा वेडेपणा कोणी केला नाही. कारण लिहून ठेवले नव्हते, पण ते सगळ्यांना माहीत होते.

आता काळीकडे वळू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर पसरून दख्खनचे आणि मालव्याचे पठार बनले. त्या काळ्या दगडाची झीज होऊन ही माती तयार झाली. इंग्रजांनी तिला कापसावरून ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ म्हटले. भूगोलाच्या पुस्तकातला ‘रेगूर’ हा शब्द तेलुगूतून आला. बडोद्याकडे, बेळगावच्या पूर्वेला, मराठवाड्यात आणि गुलबर्ग्याकडे तीच माती आहे, म्हणून तिकडच्या आपल्या सोयऱ्यांचीही तक्रार हीच असते. गोव्यातल्या जांभ्यावर घर बांधणाऱ्याला मात्र ही डोकेदुखी ठाऊक नाही.

या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. फ्रान्समधील माँटमोरियाँ या गावावरून ते नाव पडले. त्याचे कण पत्त्यांच्या जोडासारखे, एकावर एक पातळ पापुद्रे असलेले असतात. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरते आणि त्यांना दूर सारते, म्हणून माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, पापुद्रे जवळ येतात आणि माती आकसते. मे महिन्यात शेतात एवढ्या भेगा पडतात की जनावराचा पाय अडकावा. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते आणि पावसाळ्यात खालीवर होते. म्हणून ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हणतात. शेतकऱ्याला यापेक्षा आणखी काय हवे? पण ज्या गुणाने पीक येते, त्याच गुणाने भिंत फाटते.

घरी शाडूची मूर्ती घडवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. ओली मूर्ती उन्हात ठेवली की एक बाजू लवकर वाळते, दुसरी ओली राहते आणि मूर्ती तडकते. म्हणून ती सावलीत, सगळीकडून सारखी वाळू देतात. घराखालच्या मातीचेही असेच आहे. ती नुसती ओली आहे की नुसती कोरडी, याने फारसे बिघडत नाही. एका कोपऱ्यात ओली आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोरडी, शिवाय दर ऋतूत बदलणारी, यामुळे घर मोडते.

इंदूर शहर खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठी वाढले. मल्हाररावांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर राजवाडा उठवला. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन वेळा तो आगीत सापडला, तरी दर्शनी बाजूचे दगडी मजले उभे राहिले. या बांधणीत एक साधे गणित आहे. फुगणाऱ्या मातीला अजिबात हलू दिले नाही तर ती वरच्या बांधकामाला जो धक्का देते, तो एका चौरस सेंटीमीटरला दोन किलो सहज भरतो, कधी त्याहून जास्त. जाड दगडी भिंतीचे ओझे या धक्क्याला तोंड देऊ शकते. आपल्या आजच्या एकमजली घराच्या भिंतीचे ओझे पायावर चौरस सेंटीमीटरला अर्धा ते एक किलो पडते. म्हणजे माती घराला उचलू शकते, आणि उचलतेच.

रामबाग, मल्हारगंज या बाजूला ज्यांचे जुने वाडे होते त्यांना आठवेल, लाकडी खांब दगडी तळखड्यावर नुसता ठेवलेला असे. सगळा सांगाडा लाकडी आणि भिंत म्हणजे मधला भराव. सांगाडा थोडा वाकायचा, कुरकुरायचा, पण तुटायचा नाही. जोते चांगले उंच असे. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. चौकात दगडी फरसबंदी असे आणि मोरीकडे तिला उतार असे. फरसबंदीला मी फार मानतो. तिच्यात दर दीड-दोन फुटांवर सांधा आहे. खालची जमीन हलली की हालचाल शंभर सांध्यांत वाटली जाते. एखादा दगड वर आला तर उचलून खालची माती सारखी करून परत बसवता येतो. आता आपण चौक बुजवून सलग काँक्रीट ओततो. त्यात सांधा ठेवत नाही, मग काँक्रीट आपला सांधा आपणच पाडून घेते. त्यालाच आपण तडा म्हणतो.

जुन्या वाड्यांच्या टिकण्यामागे आणखी एक कारण होते, ते म्हणजे पाण्याची टंचाई. पाणी आडातून किंवा बावडीवरून यायचे, घागरीने मोजून वापरले जायचे. भिंतीत नळ नव्हते, जमिनीखाली सांडपाण्याचे पाइप नव्हते, गच्चीवर टाकी नव्हती. घराखालच्या मातीला फक्त पावसाळ्याचे पाणी ठाऊक होते.

होळकर दरबाराच्या काळात या मातीतल्या पाण्याचा विचार झालाच नाही असे मात्र नाही. १९१८ साली सर पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारासाठी दोन खंडांचा नगररचना अहवाल तयार केला. प्लेगच्या दिवसांत शहर साफ व्हावे म्हणून त्यांनी काढलेली दिवाळीची मिरवणूक प्रसिद्ध आहे. ज्या गल्ल्या जास्त स्वच्छ, त्यांतून ती नेली गेली आणि शेवटी प्लेगच्या उंदराचा पुतळा जाळण्यात आला. सांडपाणी वाया न घालवता बागांना द्यावे असे त्यांचे मत होते. विचार उत्तम. आपण त्यातली बाग घेतली आणि ती थेट भिंतीला चिकटवून लावली!

काळ्या मातीसाठी जास्त कामाचा माणूस पुढे आला तो अल्बर्ट हॉवर्ड. १९२४ मध्ये इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ स्थापन झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. आजचे कृषी महाविद्यालय त्याच आवारात आहे. जगाला ‘इंदूर पद्धती’ म्हणून माहीत असलेले कंपोस्ट इथलेच. पण कंपोस्टच्या कीर्तीत त्यांचे दुसरे काम झाकले गेले. काळ्या रानात पावसाचे पाणी साचले तर खताचाही उपयोग नाही, आधी पाण्याला वाट द्या, हे त्यांनी ओळखले होते. संस्थेच्या शेतांना उतार आणि चर देऊन वरचे पाणी बाहेर काढण्याची व्यवस्था त्यांनी केली. कपाशीच्या शेताला जे लागू, ते घराच्या जोत्यालाही लागू आहे. दुर्दैवाने शेतीची माणसे आणि बांधकामाची माणसे एकमेकांचे लिखाण वाचत नाहीत.

इंजिनियर लोकांना हा प्रश्न स्वतंत्रपणे फार उशिरा कळला. अमेरिकेच्या सरकारी जलसिंचन खात्याने फुगणाऱ्या मातीची दखल प्रथम १९३८ मध्ये घेतली. ओरेगॉन राज्यातील ओवायही प्रकल्पात एका पोलादी जलवाहिनीचा पाया हलल्यावर ती घेतली गेली. त्यापूर्वी इमारत फाटली की दोष सिमेंटला, विटेला नाहीतर गवंड्याला दिला जाई. आपल्याकडे आजही तसेच होते. ‘ठेकेदाराने सिमेंट खाल्ले’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकतो, तितक्या वेळा ते खरे नसते.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशाने या विषयात चांगले काम केले, आणि हे अभिमानाने सांगायला हवे. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत डॉ. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात अंडर-रीम्ड पाइल ही पद्धत विकसित केली. कल्पना सोपी आहे. ऋतूप्रमाणे फुगणारी-आकसणारी माती वरच्या तीन-साडेतीन मीटरांत असते. मग पाय तिच्याखाली रोवायचा. हाताने फिरवायच्या गिरमिटाने भोक पाडायचे आणि तळाशी वेगळ्या अवजाराने ते कांद्यासारखे रुंद करायचे. दांडा ३० सेंटीमीटरचा असेल तर कांदा साधारण ७५ सेंटीमीटरचा, म्हणजे अडीच पट. काँक्रीट भरले की हा कांदा नांगरासारखा अडकून बसतो. वरची माती कितीही ओढो, पाइल उपटून येत नाही. भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात, १९८० च्या आवृत्तीत, अशा खोल काळ्या मातीत पाइल निदान साडेतीन मीटर लांब हवी असे म्हटले आहे. पाइलींना जोडणारा बीम जमिनीला टेकवायचा नाही, खाली सुमारे ८० मिलीमीटर मोकळी जागा ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी तिला तिथे जागा मिळते. ही मोकळी जागा कामावर हमखास बुजवली जाते. मिस्त्रीला वाटते पोकळी राहिली, म्हणून तो इमानाने मलबा भरतो आणि सगळ्या खर्चावर पाणी पडते.

दुसरे मोठे नाव मुंबई आयआयटीचे डॉ. आर. के. कट्टी. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांचे अस्तर फुटून जाई, त्या प्रश्नातून त्यांचे काम उभे राहिले. काळ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर थर दाबून बसवला तर खालची माती आवरली जाते, असे त्यांनी दाखवले. आपल्या भाषेत सांगायचे तर चांगला, थोडा चिकणसर मुरूम. तेवढ्याच जाडीच्या वाळूने मात्र हे साधत नाही. वाळूत पाणी सहज शिरते आणि खाली साचून राहते. तरीही पायाच्या चरात वाळूच भरायची हा हट्ट आजही चालतो, शिवाय ती महागही पडते.

मग आपल्या शहरात बिघडले कुठे? १९७८ च्या सुमारास नर्मदेचे पाणी इंदुरात आले. त्यासाठी लोकांनी आंदोलन केले होते, आणि ते आले हे फार चांगले झाले. त्यानंतरच्या वर्षांत शहर चारी बाजूंनी पसरले. शेते विकली गेली, प्लॉट पडले आणि आपण वाडा विकून, पीएफ काढून, मुलांच्या शिक्षणातून वाचवून तिथे घरे बांधली. सात-बाऱ्याला इकडे खसरा म्हणतात, त्यात कालपर्यंत गहू-सोयाबीन लिहिलेले होते, ती जागा म्हणजे शुद्ध काळी. म्हणजे कमी पाण्याची पांढरी सोडून आपण भरपूर पाण्याच्या काळीवर राहायला गेलो. आपल्या समाजातल्या कितीतरी निवृत्त मंडळींची आयुष्यभराची पुंजी या एका घरात आहे. तडा गेला की ते घर विकायला काढतात आणि घेणारा तडा दाखवून किंमत पाडतो.

एका शासकीय निवासस्थानात मला पाहणीला पाठवले होते. कोपऱ्यातली खोली खिडकीपासून तिरकी फाटली होती. दोनदा भरून झाली, दोनदा उघडली. बाहेर गेलो तर त्याच कोपऱ्याला लागून कपडे धुण्याचा नळ होता आणि पाणी वर्षानुवर्षे जोत्यालगत मुरत होते. नळ हलवला, उताराची नाली केली, कडेला पट्टा बांधला. दोन पावसाळे भेग तशीच राहिली, वाढली नाही. मग ती बुजवली.

तिरका तडा उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात बारीक होत असेल, किंवा नेमका उलट वागत असेल, तर तो मातीचा समजावा. त्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवा. काच फुटली तर हालचाल चालू आहे. निदान एक वर्ष पाहिल्याशिवाय भेग भरण्यात पैसे घालू नयेत. घराच्या मधल्या खोलीची फरशी हळूहळू फुगीर होणे हेही याच दुखण्याचे लक्षण. घराखालची माती झाकलेली असल्यामुळे तिचा ओलावा उडत नाही, तो मध्यभागी साठत जातो.

उपाय महागडे नाहीत, चिकाटीचे आहेत. घराभोवती सव्वा-दीड मीटरचा काँक्रीटचा पट्टा हवा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा, आणि भिंत व पट्टा यांमधल्या फटीत डांबर किंवा लवचिक मसाला हवा. ही फट उघडी राहिली तर पट्टा नसलेला बरा, कारण सगळे पाणी नेमके पायात जाते. गच्चीचे पन्हळाचे पाणी पाइपाने लांब न्यावे. पायाच्या चरातून निघालेली काळी माती परत त्यात टाकू नये, मुरूम भरून कुटावा. पिंपळ, उंबर, कडुनिंब यांसारखी झाडे वाढल्यावर जेवढी उंच होतील, निदान तेवढ्या अंतरावर असावीत. मुळे उन्हाळ्यात ओलावा ओढतात आणि त्या बाजूची माती आधी आकसते. याचा अर्थ जुने झाड तोडा असा नाही. ते एकदम तोडले तर मातीत ओलावा वाढतो आणि घर दुसऱ्या दिशेला हलते.

गाडीच्या उताराचे आणि अंगणाचे काँक्रीट तर सगळ्यात दुबळे. १० सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन चौरस मीटरला सुमारे २४० किलो. खालची माती तेवढ्याच जागेवर २० हजार किलोचा धक्का देऊ शकते. इथे जाडी वाढवून किंवा सळई घालून काय साधणार? आपल्या समाजाच्या सभागृहापुढचे अंगण पुन्हा फुटले आहे, आणि यंदा दुप्पट जाडीचे काँक्रीट टाकावे असा प्रस्ताव सभेपुढे आहे, म्हणून हे आवर्जून लिहितो. पैसा वर्गणीदारांचा आहे. तो वरच्या थरात न घालता खालच्या थरात घालावा. जुने काँक्रीट काढून निदान ६० सेंटीमीटर काळी माती उचलावी. शक्य असेल तर ९०. मग मुरूम १५-१५ सेंटीमीटरच्या थरांनी, बेताचे पाणी मारून, रोलरने दाबावा. त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर १० सेंटीमीटरचे काँक्रीट, आणि दर तीन मीटरवर दोन्ही दिशांना सांधा. भिंतीशी जोड न देता मोकळी फट ठेवून ती डांबराने भरावी. उतार रस्त्याच्या नालीकडे हवा, सभागृहाच्या पायरीकडे नको. मांडव घालण्यासाठी दरवर्षी अंगणात पहार मारून खड्डे करतो आणि ते तसेच सोडतो. त्याऐवजी काँक्रीट ओततानाच पाइपाचे तुकडे बसवून वर झाकणे ठेवता येतील.

काळी किती फुगरी आहे हे आधी पाहून घ्यावे, कारण तीही सगळीकडे सारखी नसते. चाचणी अशी: माती वाळवून, बारीक चाळून, दहा-दहा ग्रॅम दोन मापी काचनळ्यांत घालतात. एकीत रॉकेल, दुसरीत शुद्ध पाणी, आणि एक दिवस तसेच ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा निम्म्याहून अधिक जास्त फुगली तर सावध व्हावे, आणि दुप्पट झाली तर मुरमाची जाडी कमी करण्याची चर्चाच नको. विसर्जनानंतरच्या रविवारी अंगणाच्या तीन कोपऱ्यांतून माती काढावी असे मी कार्यकारिणीला कळवले आहे. निकाल सूचनाफलकावर लावता येईल. ज्यांना आपल्या घरची माती तपासून पाहायची असेल त्यांनी ती जमिनीखाली दोन-अडीच फुटांवरून काढून, पिशवीवर नाव घालून, त्या दिवशी सोबत आणावी. वरची बागेतली माती नको, तिच्यात शेणखत असते.